मसल कार घेताना, खोलताना आणि नुसती बघताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या उत्तरेला राहून मला आता वीस वर्षं होत आली. घरच्या गॅरेजमध्ये १९६७ ची फोर्ड मस्टँग उभी आहे, दोन दारांची हार्डटॉप, म्हणजे पक्क्या छपराची, २८९ घनइंचांचं (हे सिलिंडरांच्या एकूण आकारमानाचं माप) व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. गणपतीत घरी आलेली मंडळी आरती-जेवण झालं की हळूहळू गॅरेजकडे सरकतात आणि मग प्रश्न सुरू होतात. भारतातून भाचे-पुतणे फोनवर तेच विचारतात. दर वेळी उभ्याउभ्या दिलेली उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून या वेळी बैठक मारून नीट लिहिली आहेत.

मसल कार म्हणजे नेमकी कोणती गाडी? वेगवान अमेरिकन गाडी म्हणजे मसल कार का?

नाही. मध्यम आकाराची साधी घरगुती गाडी घ्यायची, तिच्यात मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन बसवायचं आणि किंमत अशी ठेवायची की कारखान्यात कामाला लागलेल्या पोरालाही हप्त्यांवर परवडेल. या तिन्ही गोष्टी जुळल्या की ती मसल कार. कॉर्व्हेट वेगवान होती, पण ती दोन सीटची स्पोर्ट्स कार. तिची जात वेगळी.

सुरुवात बहुतेक जण १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून मानतात, आणि तिची कथा मला फार आवडते. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. जनरल मोटर्सच्याच पाँटिॲक विभागाचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियमातली फट शोधली. नवं मॉडेल म्हटलं तर वरची मंजुरी लागणार; पण आहे त्याच टेम्पेस्ट गाडीवर जादा पैसे देऊन घ्यायचा ‘ऑप्शन’ म्हटलं तर? अशा रीतीने ३८९ घनइंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं, ३२५ अश्वशक्तीचं इंजिन त्या गाडीत शिरलं. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. मग नियम कोणाच्या लक्षात राहणार?

या विचाराचं सगळ्यात निखळ रूप म्हणजे १९६८ ची प्लिमथ रोड रनर. आत सलग बाकासारखी सीट, सजावट जवळजवळ नाही, पण बॉनेटखाली ३८३ घनइंचांचं, ३३५ अश्वशक्तीचं इंजिन. मूळ किंमत तीन हजार डॉलरच्या आत. कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरण्यासाठी कंपनीने वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर दिले आणि हॉर्नही त्या पक्ष्यासारखा ‘बीप बीप’ वाजणारा बसवला. गालिचा नाही, पण हॉर्न पक्ष्याचा. पैसा कुठे घालायचा हे त्या लोकांना बरोबर कळलं होतं.

मग तुमची मस्टँग मसल कार आहे का?

काटेकोर बोलायचं तर ती ‘पोनी कार’. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात ती लोकांपुढे आली, मूळ किंमत २,३६८ डॉलर, आणि पहिल्याच दिवशी सुमारे २२,००० गाड्यांची नोंदणी झाली. आकाराने लहान, लांब नाक, आखूड पाठ. तिच्या मागून शेव्हर्लेची कॅमेरो आली, पाँटिॲकची फायरबर्ड आली. पुढे या लहान गाड्यांतही ३९०, ४२८ घनइंचांची इंजिनं बसायला लागली तेव्हा दोन्ही जातींमधली भिंत पडली. आज मेळाव्यात दोघी शेजारीशेजारी उभ्या असतात. माझ्या गाडीत दोन नळ्यांच्या कार्बुरेटरचं २०० अश्वशक्तीचं इंजिन आहे, त्यामुळे तिला मी मसल कार म्हणत नाही. प्रेम म्हणाल तर ते तसूभरही कमी नाही.

एवढ्या लोकप्रिय गाड्या अवघ्या दहा वर्षांत बंद कशा पडल्या?

लोक तेलटंचाईकडे बोट दाखवतात. पण १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं तोवर या गाड्या निम्म्या संपल्या होत्या. पहिला घाव विमा कंपन्यांनी घातला. विशी-बाविशीच्या मुलाला मोठ्या इंजिनाच्या गाडीचा विमा हप्त्याइतकाच जड जाऊ लागला. मग १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला. पुढे शिसं नसलेलं पेट्रोल वापरावं लागणार म्हणून जनरल मोटर्सने १९७१ पासून इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, खाली आणलं. त्याच वर्षी क्रायस्लरचं रस्त्यावरच्या गाड्यांतलं ‘हेमी’ नावाचं ४२६ घनइंचांचं इंजिन बंद झालं. १९७४ ची मस्टँग टू अमेरिकेत आली तेव्हा तिला त्या वर्षी व्ही-८ इंजिन मिळतच नव्हतं, आणि जीटीओ हे नावही त्याच वर्षी थांबलं.

१९७० हे शिखराचं वर्ष. जनरल मोटर्सने मध्यम गाड्यांवरची, एव्हाना ३३० वरून ४०० घनइंचांवर आलेली मर्यादा काढली आणि शेव्हर्लेने शेव्हेल गाडीच्या एसएस या वेगवान प्रकारात ४५४ घनइंचांचं एलएस-६ इंजिन दिलं, कागदावर ४५० अश्वशक्ती. चढण एवढी उभी आणि लगेच पलीकडे कडा.

कागदावर ४५० म्हणालात. आजच्या मस्टँग जीटीची अश्वशक्ती ४८०. म्हणजे पन्नास वर्षांत फक्त तीसच वाढली?

हा फसवा हिशेब आहे. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या ‘ग्रॉस’ अश्वशक्ती सांगायच्या. इंजिन स्टँडवर ठेवायचं, नेहमीचा सायलेन्सर नाही, एअर क्लीनर नाही, पट्ट्यावर चालणारी ओझी काढलेली, आणि मग मोजायचं. १९७२ पासून ‘नेट’ मोजणी रूढ झाली, म्हणजे गाडीत बसवलेल्या अवस्थेतल्या इंजिनाची. १९७१ साली जनरल मोटर्सने दोन्ही आकडे दिले, ते शेजारी ठेवून बघा. ४५४ चं एलएस-५ इंजिन ग्रॉसमध्ये ३६५ आणि नेटमध्ये २८५. इंजिन तेच, वर्ष तेच.

उलटं उदाहरणही आहे. फोर्डच्या ४२८ कोब्रा जेट इंजिनाची ताकद ३३५ सांगितली जायची आणि खरी त्याहून बरीच जास्त होती. त्यामुळे जुन्या गाड्यांचे आकडे पोथीसारखे वाचू नका.

त्या आवाजाचं रहस्य काय? आजच्या गाड्यांपेक्षा तो वेगळा का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. अमेरिकन व्ही-८ मध्ये चार सिलिंडर एका बाजूला आणि चार दुसऱ्या बाजूला असतात. ते आळीपाळीने, एक उजवा एक डावा असे पेटले असते तर आवाज शिवणयंत्रासारखा एकसुरी झाला असता. पण यांच्या क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे, चार खिळे एकमेकांशी काटकोनात असतात, आणि त्यामुळे क्रम तसा राहत नाही.

माझ्या २८९ चा फायरिंगचा क्रम १-५-४-२-६-३-७-८. फोर्डमध्ये १ ते ४ उजवीकडे, ५ ते ८ डावीकडे. आता क्रम बाजूंमध्ये म्हणून बघा : उजवा, डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा. एकदा उजवीकडे लागोपाठ दोन ठोके, एकदा डावीकडे लागोपाठ दोन. दोन्ही बाजूंचे सायलेन्सर वेगळे असले की प्रत्येक पाइपातून हे अडखळतं, मागे-पुढे पडणारं आवर्तन बाहेर येतं. ढोलकीवर सम चुकवून पुन्हा पकडावी तसं. गाडी जागेवर उभी असताना, इंजिन मंद चालू ठेवून, मागे वाकून कान द्या. एक-दोन मिनिटांत ती जोडी तुम्हाला ऐकू येईल आणि मग कधीच विसरणार नाही.

पहिली गाडी म्हणून कोणती घ्यावी?

जिचे सुटे भाग डोळे मिटून मिळतात ती. १९६५ ते १९७० ची मस्टँग, त्यानंतर पहिल्या पिढीची कॅमेरो, मग शेव्हेल. मस्टँगचा तर पूर्ण पत्रा, आतली सगळी सजावट, दिवे, रबर नव्याने तयार होऊन कॅटलॉगमधून मिळतं. ब्युइक किंवा मर्क्युरीसारख्या कमी खपलेल्या गाड्या दिसायला देखण्या आणि पुष्कळदा स्वस्तही असतात. पण त्यांची एखादी क्रोमची पट्टी गहाळ असेल तर ती शोधण्यात वर्षं जातात. इंजिन बिघडलेलं चालेल, पट्ट्या-काचा-चिन्हं गहाळ असलेली गाडी नको. इंजिन कोणीही दुरुस्त करतो.

आणि शक्य तितकी पूर्ण, शक्य तितकी कोरडी गाडी घ्या. ‘अर्धं काम झालंय, बाकीचे भाग खोक्यात आहेत’ अशा जाहिरातीपासून लांब राहा. खोक्यात काय नाही हे गाडी जोडायला घेतल्यावरच कळतं.

गाडी बघायला जाताना काय न्यायचं, काय तपासायचं?

विजेरी, फ्रिजवरचं साधं लोहचुंबक, जुना शर्ट आणि पाण्याची बादली.

शर्ट यासाठी की गाडीखाली झोपायचं आहे. रंग शेवटी बघायचा. या गाड्यांचा खरा शत्रू गंज आहे, आणि मिशिगन-ओहायोसारख्या बर्फाच्या राज्यांत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे इथल्या गाड्या खालून पोखरलेल्या असतात. कॅलिफोर्निया, ॲरिझोनाकडच्या गाड्या कोरड्या. त्यांची सीट आणि डॅशबोर्ड उन्हाने फुटलेले असतील, पण ते सहज बदलता येतात. लोहचुंबक मागच्या चाकावरच्या पत्र्याच्या खालच्या कडेवरून, दाराच्या खालच्या भागावरून फिरवा. चिकटलं नाही तर तिथे पत्रा नाही, रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मी सगळ्यात आधी बघायला गेलो ती लालभडक, आरशासारखी चमकणारी मस्टँग होती. मालक शेजारी उभा राहून रंगाचे किती थर दिले ते सांगत होता आणि माझ्या हातातलं चुंबक घसरून खाली पडत होतं.

बादली मस्टँगसाठी खास. समोरच्या काचेखाली, बॉनेटच्या मागे जाळी असते, तिथून आत हवा जाते. त्या भागाला काउल म्हणतात. पावसाचं पाणी तिथून आत येऊन बाजूंनी खाली निघून जावं अशी ती रचना. पण पानं, माती साचून आतला पत्रा सडतो आणि तो वरून दिसतच नाही. जाळीवर हळूहळू पाणी ओता आणि एकाला पुढच्या सीटखाली विजेरी धरून बसवा. पाय ठेवायच्या जागी पाणी टपकलं तर काउल गेलेला आहे, आणि खालची जमीनही गेलेली असणार. हे काम मोठं असतं. पुढची मडगार्डं उतरवायची, असंख्य स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने कापायचे, मग नवीन पत्रा.

माझ्या गाडीतही पाणी आलं होतं. मला ते दिसत होतं, तरी घेतली, कारण बाकीची गाडी पूर्ण होती आणि किंमत त्या मानाने उतरवून मिळाली. माहीत असून घेतलेला गंज आणि नंतर सापडलेला गंज यांत फार फरक आहे.

त्यानंतर डिकी उघडा. पहिल्या पिढीच्या मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हीच डिकीची जमीन असते. तिथे वास येतो का, ओल दिसते का ते बघा. शेवटी इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. मालकाने तुम्ही यायच्या आधी गाडी गरम करून ठेवली असेल तर का, ते विचारा.

‘नंबर मॅचिंग’ म्हणजे काय आणि नकली गाडी कशी ओळखायची?

गाडीच्या सांगाड्यावरचा क्रमांक आणि इंजिन-गिअरबॉक्सवर ठोकलेला क्रमांक एकमेकांशी जुळला, म्हणजे कारखान्यातून निघतानाचंच इंजिन आत आहे, की ती नंबर मॅचिंग.

फोर्डचा क्रमांक वाचायला सोपा. माझा ‘७एफ०१सी’ असा सुरू होतो : ७ म्हणजे १९६७, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०१ म्हणजे हार्डटॉप, सी म्हणजे दोन नळ्यांचं २८९. त्याच वर्षी एस असतं तर ३९० घनइंचांचं जीटी इंजिन. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांसाठी मार्टी ऑटो वर्क्सकडून कारखान्याच्या मूळ नोंदींवर आधारलेला अहवाल विकत मिळतो. पाँटिॲकसाठी पीएचएस (पाँटिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) हीच सेवा देते. हे कागद हातात आल्याशिवाय महागड्या गाडीवर एक डॉलरही ठेवू नका.

शेव्हर्लेचं दुखणं वेगळं आहे. १९७२ च्या आधी त्यांच्या क्रमांकात नेमकं कोणतं इंजिन ते लिहिलेलंच नसायचं. त्यामुळे शेव्हेलच्या साध्या मालिबू प्रकारावर एसएसची चिन्हं डकवून ‘अस्सल एसएस’ म्हणून विकणारे सर्रास भेटतात. अशा वेळी कारखान्यातला बिल्ड शीट नावाचा, गाडीत काय काय बसवायचं ते लिहिलेला कागद शोधतात. तो बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीच्या वर किंवा सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेला सापडतो. पन्नास वर्षांपूर्वी कुणा कामगाराने तिथे खुपसलेला चुरगळलेला कागद, आणि त्यावर आज गाडीची निम्मी किंमत ठरते.

दुर्मीळ गाड्यांच्या किमती आकाशाला भिडतात हे खरं. १९७१ ची प्लिमथ हेमी ’कुडा कन्व्हर्टिबल (छप्पर उघडता येणारी) २०१४ मध्ये लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. पण तुम्हाला गाडी चालवायची असेल तर नंबर न जुळणारी गाडी हीच उत्तम खरेदी. इंजिन बदललेलं म्हणून किंमत उतरते आणि चालवताना जीव खालीवर होत नाही.

दुरुस्ती स्वतः करावी की गॅरेजला द्यावी?

मशीनवरचं काम बाहेर द्या, बाकी शक्य तेवढं स्वतः करा. सिलिंडरचं बोअरिंग, क्रँकशाफ्ट घासणं, व्हॉल्व्हच्या सीट बसवणं हे घरी होत नाही. वेल्डिंग शिकता येतं. मी इथल्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचे वर्ग करून शिकलो. रंगकाम शिकायला गेलो नाही, ते ज्याचं त्याने करावं. जुना रंग आणि ब्रेकचे जुने लायनर घासताना मात्र तोंडावर चांगला मास्क हवाच, कारण रंगात शिसं आणि लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवेच्या झोताने ब्रेकची धूळ कधी उडवू नका.

बाहेर दिलेल्या कामाचा एक अनुभव सांगतो. इंजिन एका वर्कशॉपमधून तयार होऊन आलं. गाडीत बसवलं, स्टार्टर मारला, तर कार्बुरेटरमधून फाटफाट आवाज आणि इंजिन जोरात मिसिंग मारायला लागलं. टायमिंग तपासलं, पॉइंटचं अंतर तपासलं, कॉइल बदलली. दोन शनिवार-रविवार गेले. आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, डिअरबॉर्नच्या त्याच कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली जिथे माझी गाडी जन्मली. ते काठी टेकत आले, पाच मिनिटं नुसतं ऐकलं आणि म्हणाले, चार सिलिंडर बरोबर आहेत, चार चुकीचे. वर्कशॉपने मला न सांगता नंतरच्या काळातल्या फोर्ड इंजिनाचा कॅमशाफ्ट घातला होता. त्याचा क्रम १-३-७-२-६-५-४-८. वायरी मी माझ्या पाठांतराने जुन्या क्रमात लावलेल्या. ३ आणि ५ ची अदलाबदल केली, ४ आणि ७ ची केली, किल्ली फिरवली, आणि इंजिन असं लागलं की आजोबांनी काठी बगलेत धरून टाळ्या वाजवल्या.

म्हणून सांगतो, काम देताना कोणता भाग घालणार ते लिहून घ्या. आणि आपल्या गावात असा एखादा म्हातारा कान शोधून ठेवा. तो कान आजोबांबरोबर जाईल, कुठल्या कॅटलॉगमध्ये मिळणार नाही.

किती पैसे आणि किती वेळ लागतो?

माझी गाडी ९,५०० डॉलरला आली आणि वहीतल्या हिशेबाप्रमाणे तिच्यावर त्याच्या दुपटीहून जास्त खर्च झाला, माझी मजुरी शून्य धरून. वेळ सहा वर्षं, त्यातला एक हिवाळा मुलीच्या जन्मात आणि एक आईच्या आजारपणात गेला. बहुतेक गाड्यांवर जितका खर्च होतो तितका विकताना परत येत नाही. गुंतवणूक म्हणून यात पडू नका. तयार झालेली चांगली गाडी विकत घेणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं, हे मी खोलायला बसलेल्या प्रत्येकाला सांगतो. तरी ज्याला खोलायचंच आहे त्याने खोलावी.

सगळं मूळचं ठेवावं, की नवीन ब्रेक-गिअर बसवावेत?

दुर्मीळ, कागदपत्रं असलेली गाडी असेल तर हात लावू नका. माझ्यासारखी साधी असेल तर ब्रेकपासून सुरुवात करा. तेव्हाच्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक सर्रास असायचे. डबक्यातून गाडी गेली की ड्रम ओले होतात आणि ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढली जाते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा पोटात गोळा आला होता. १९६६ पर्यंतच्या मस्टँगचा मास्टर सिलिंडर एकाच खणाचा आहे, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. तो दोन खणांचा करून घेणं मी सक्तीचं मानतो. पुढे डिस्क ब्रेक, रेडियल टायर आणि खांद्यावरून येणारे सीटबेल्ट. हे सगळं बोल्टवर बसतं आणि मूळचे भाग डब्यात घालून माळ्यावर ठेवता येतात. लहान मुलांना पट्ट्यांशिवाय मागे बसवून फेरी मारू नका, गल्लीतल्या गल्लीतही नाही.

आजचं पेट्रोल आणि ऑइल चालतं का?

चालतं, थोडी काळजी घेऊन. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनी रबरी नळी मऊ होऊन झिरपते, म्हणून सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घालाव्या. इंजिन खोललंच तर व्हॉल्व्हच्या सीट कडक पोलादाच्या करून घ्या, कारण पूर्वी पेट्रोलमधलं शिसं त्यांचं रक्षण करायचं. ऑइल झिंकचं प्रमाण जास्त असलेलं घ्या, सपाट टॅपेटच्या कॅमशाफ्टला ते लागतं. नवा कॅम बसवल्यावर पहिली वीस मिनिटं इंजिन २,००० फेऱ्यांच्या आसपास चालवायचं, मंद सोडायचं नाही. तेवढ्यात कॅम बसला तर बसला, नाहीतर घासून गेला. मायलेज विचारू नका म्हणणार होतो, पण विचारताच : लिटरला सहा किलोमीटर.

हिवाळ्यात गाडी कुठे ठेवता?

गॅरेजमध्ये, नोव्हेंबर ते एप्रिल. टाकी भरून त्यात पेट्रोल खराब होऊ न देणारं स्टॅबिलायझर, बॅटरीला बारीक चार्जर, आणि सायलेन्सरच्या तोंडात उंदरांसाठी स्टील वूल. तोंडात काहीतरी आहे हे स्टीअरिंगवर चिठ्ठी लावून लिहून ठेवा. पहिला पाऊस रस्त्यावरचं मीठ धुऊन नेईपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही.

विमा आणि नोंदणीचं काय?

साधा विमा नको. जुन्या गाड्यांसाठी ‘ॲग्रीड व्हॅल्यू’चा विमा असतो, त्यात गाडीची किंमत आधीच ठरवून लिहिलेली असते, आणि गाडी रोजच्या कामाला वापरत नसल्याने तो स्वस्तही पडतो. मिशिगनमध्ये २६ वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला ऐतिहासिक नंबर प्लेट मिळते. मेळावे, मिरवणुका, क्लबचे कार्यक्रम यांसाठी ती वापरता येते, आणि ऑगस्ट महिन्यात मात्र मनमोकळी फिरवता येते. ऑगस्टच का, ते शेवटच्या उत्तरात.

नवीन मसल कारबद्दल तुमचं मत काय?

आदराचं आहे. २००५ च्या मस्टँगने जुना चेहरा परत आणला, २००८ मध्ये डॉजची चॅलेंजर, मग २०१० च्या मॉडेलची कॅमेरो. २०१५ च्या चॅलेंजर हेलकॅटची ताकद ७०७ अश्वशक्ती, आणि तीही नेट. तिला दोन किल्ल्या मिळायच्या. काळ्या किल्लीने ताकद ५०० वर अडवली जायची, लाल किल्लीने सगळी मोकळी. मुलाच्या हातात कोणती द्यायची हे सांगायला नको.

पण हाही अध्याय आवरत आला आहे. पेट्रोलवरच्या जुन्या चॅलेंजर आणि डॉजच्याच चार्जर या गाडीचं उत्पादन २०२३ च्या शेवटी कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमध्ये थांबलं, कॅमेरोही त्याच सुमारास गेली. नव्या चार्जरमध्ये विजेची मोटर किंवा सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे. व्ही-८ घेऊन मस्टँग तेवढी मिशिगनच्या फ्लॅट रॉकमध्ये अजून बनते. वापरलेली घेणार असाल तर टायर, क्लच आणि मागच्या एक्सलचा आवाज तपासा, आणि ताकद वाढवण्यासाठी संगणकात कोणी ढवळाढवळ केली आहे का ते जाणकाराकडून बघून घ्या. कंपनीने दिली तशीच ठेवलेली गाडी शोधा. ती क्वचित भेटते.

पुण्या-मुंबईत मसल कार ठेवता येईल का?

नव्या पिढीची हवी असेल तर सोपा मार्ग वापरलेल्या मस्टँगचा. सहाव्या पिढीपासून मस्टँग कारखान्यातूनच उजव्या स्टीअरिंगची निघू लागली आणि २०१६ मध्ये ५ लिटर व्ही-८ ची जीटी भारतात अधिकृतपणे विक्रीला आली, दिल्लीत शोरूमची किंमत सुमारे ६५ लाख रुपये. रस्त्यावरच्या गतिरोधकांवर तिचं पोट घासतं, हे लक्षात ठेवा.

जुनी गाडी अमेरिकेतून नेण्याचा विचार असेल तर थांबा. वापरलेली गाडी भारतात आणायच्या सर्वसाधारण नियमात ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि स्टीअरिंग उजवीकडे लागतं. व्हिंटेज गाड्यांचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलत असतात, त्यामुळे गाडीचे पैसे देण्याआधी कस्टमच्या एजंटकडून लेखी उत्तर घ्या. भारतात आधीपासून असलेल्या पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसाठी काढता येते, रोज ऑफिसला नेता येत नाही.

आणि अमेरिकन गाड्या आपल्याला परक्या आहेत असं समजू नका. जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीला होता. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या. त्या मसल कार नव्हत्या, त्यांच्या आदल्या पिढीतल्या. पण माझे आजोबा ‘प्लिमथ’ हा शब्द ज्या मानाने उच्चारायचे, तोच मान मला रोड रनर बघताना आठवतो.

विकत घ्यायची ऐपत नाही, नुसत्या बघायच्या आहेत. कुठे जावं?

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर. १९९५ मध्ये फर्नडेल गावात फुटबॉलच्या मैदानासाठी निधी गोळा करायला सुरू झालेली वुडवर्ड ड्रीम क्रूझ आता फर्नडेलपासून पाँटिॲक शहरापर्यंत पसरली आहे. १९०९ मध्ये काँक्रीटचा पहिला मैल याच रस्त्यावर झाला आणि साठच्या दशकात पोरं याच रस्त्यावर सिग्नल ते सिग्नल शर्यती लावायची. शनिवारी गर्दीत गाड्या मुंगीच्या पावलांनी चालतात आणि तापतात, म्हणून माहीतगार लोक त्याच आठवड्यात बुधवार-गुरुवारी संध्याकाळी घडीची खुर्ची घेऊन बसतात. तुम्हीही तसंच करा. मालकाला विचारल्याशिवाय गाडीला हात लावू नका, पट्ट्याचं बक्कल रंगाला घासू देऊ नका, आणि बॉनेट उघडाल का म्हणून मोकळेपणाने विचारा. नाही म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

दुसऱ्या दिवशी डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड संग्रहालयात जा. तिथे क्रमांक १००००१ ची, म्हणजे मालिकेतला पहिलाच क्रमांक असलेली, पांढरी मस्टँग कन्व्हर्टिबल आहे. ती विकायचीच नव्हती, पण कॅनडात न्यूफाउंडलंडच्या एका विक्रेत्याने चुकून विकून टाकली, आणि विमानाचे पायलट स्टॅनली टकर ती घेऊन गेले. फोर्डने ती परत मागितली, टकर यांनी बरेच दिवस दिली नाही. अखेर १९६६ मध्ये १०,००,००१ वी मस्टँग घेऊन त्यांनी ती सोडली. तोवर तिचे दहा हजार मैल झाले होते.